वडिलांच्या मागे राहिलेलं रिव्हॉल्व्हर: वारसाचा परवाना अर्ज कुठे अडतो

परवानाधारक गेला तरी त्याच्या परवान्याच्या पुस्तिकेवर पुढच्या दोन-तीन वर्षांची वैधता छापलेली असते, आणि घरच्यांना वाटतं की तोवर वेळ आहे. बहुतेकांचं इथेच चुकतं. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि त्या व्यक्तीबरोबर संपतो, मग पुस्तिकेवर तारीख कुठलीही असो. त्यानंतर हत्यार घरात राहिलं तर ते विनापरवाना बाळगल्यासारखंच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये त्यासाठी किमान 2 आणि कमाल 5 वर्षांची कैद आहे.

म्हणून आधी हत्यार जमा करायचं, अर्जाचं नंतर. कलम 21 प्रमाणे ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. तेराव्यापर्यंत थांबू नका. मात्र पिशवीत घालून स्वतःच निघूही नका. ठाण्यात फोन करून परवानाधारकाचं निधन झाल्याचं कळवा आणि हत्यार कसं आणायचं ते विचारा. ते भरलेलंच आहे असं धरून चाला. घरात कुणाला रिव्हॉल्व्हर हाताळायची सवय नसेल, तर गोळ्या काढून पाहण्याच्या भानगडीत पडू नका.

जमा केल्याची पावती घेताना परवाना समोर ठेवा. कंपनी किंवा मेक, बोअर (म्हणजे नळीच्या आतला व्यास), हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. जुन्या पुस्तिकांमध्ये हाताने लिहिलेल्या क्रमांकात शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, हेच कळत नाही, आणि तेवढ्यावरून फाईल परत येते. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा केल्याची जुनी पावती इथे चालत नाही. काडतुसंही सगळी द्या. ड्रॉवरच्या तळाशी राहिलेल्या दोन गोळ्या हासुद्धा दारूगोळाच.

आता पात्रता. शस्त्र नियम, 2016 नुसार मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना मिळू शकतो. धारक हयात असतानाही, त्याचं वय 70 झालं असेल किंवा हत्यार 25 वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याने सुचवलेल्या वारसाच्या नावे अर्ज करता येतो. घरात कुणी सत्तरी ओलांडली असेल तर हाच मार्ग धरा, कारण त्यांच्या हयातीत अर्धी कागदपत्रं आपोआप सुटतात. वारसाचं वय 21 पूर्ण हवं. 2019 पासून एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे तुमच्याकडे आधीच दोन असतील तर तिसरी विकावी लागेल. मुलगी अर्ज करू शकते का, असं अजूनही विचारलं जातं. करू शकते. पण वारस असलात म्हणून परवाना मिळेलच असं नाही. पोलीस अहवाल आणि बाकीच्या अटी तुम्हालाही लागू आहेत.

अर्ज ए-1 नमुन्यात असतो. ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती हे सोबत लावायचं. यात फारसं कुणी अडत नाही.

अडतात ते तीन कागदांवर. पहिला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. ज्यांची सही हवी त्यातला एक भाऊ परदेशात असतो, एका बहिणीशी बोलणं बंद असतं. एकाही वारसाचं नाव गाळून अर्ज देऊ नका. पडताळणीत ते निघतंच, आणि मग माहिती लपवल्याचा शेरा बसतो. हे प्रतिज्ञापत्र शासकीय कार्यालयात सादर करायचं असल्याने त्यावर मुद्रांक शुल्क लागत नाही. महाराष्ट्रात ही माफी 2004 पासून आहे, तरीही कार्यालयाच्या दाराशी लोकांना मुद्रांक घ्यायला लावतात, याची चीड येते. दुसरा, एस-3 नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात मानसिक आरोग्याचा आणि नशेच्या पदार्थांचं व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. ‘प्रकृती ठीक’ एवढंच लिहिलेला साधा दाखला परत येतो. तिसरा, एस-1, म्हणजे शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हा कागद बहुतेकांकडे नसतोच. वडिलांच्या वेळी तो लागत नव्हता, म्हणून घरात कुणी त्याचं नावही ऐकलेलं नसतं. प्रशिक्षण कुठे होतं ते शस्त्र परवाना शाखेत पहिल्याच फेरीत विचारा.

सातबारा किंवा आयकर विवरणपत्र नाही म्हणून अर्ज घेत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम 14 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. टेबलापलीकडच्या माणसाने ते वाचलेलं नसेल, तर अर्जातच त्या कलमाचा उल्लेख करा.

रिव्हॉल्व्हर मोठ्या बोअरचं असेल तर प्रकरण वेगळं होतं. फौजेतल्या आजोबांकडून आलेलं .455 किंवा .380 निर्बंधित प्रकारात मोडतं. त्याचा निर्णय जिल्ह्यात होत नाही, प्रकरण केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातं. अर्ज भरण्याआधी पुस्तिकेत बोअर बघा, नाहीतर चुकीच्या टेबलावर वर्ष जाईल. अशा जुन्या हत्याराची काडतुसं बाजारात सहसा मिळत नाहीत, म्हणून कुणी रिकाम्या पुंगळ्या घरी भरून घ्यायचा सल्ला देतं. परदेशातले व्हिडिओ पाहून तो सोपा वाटतो. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं म्हणजे दारूगोळ्याचं उत्पादन. त्याची शिक्षा 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्या वाटेला अजिबात जाऊ नका.

नियमाप्रमाणे पोलिसांनी 30 दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मिळाल्यापासून 60 दिवसांत निर्णय व्हायचा. प्रत्यक्षात फाईल ठाण्यातच पडून राहते. जावक क्रमांक मागून घ्या आणि पाठपुरावा लेखी ठेवा. नकार आला तर कारणांची प्रत मागा. अपिलाला 30 दिवस मिळतात आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजतात. पाकीट उशिरा हातात पडलं तर ते पाकीट जपून ठेवा, त्यावरचा टपालाचा शिक्का उपयोगी पडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे.

परवाना नकोच असेल तर हत्यार परवानाधारक विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकायची परवानगी मागा. ठाण्यात ठेवून विसरून जाऊ नका. ठरलेल्या मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. त्याआधी कारणे दाखवा नोटीस येते, पण ती परवान्यावरच्या जुन्या पत्त्यावर जाते. जमा करतानाच आपला आजचा पत्ता आणि फोन नंबर लेखी देऊन ठेवा.