गोठत्या नदीतला मासा आणि गळावरची माशी

जानेवारीतली सकाळ, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं जॅक्सन खोरं. हवा उणे दहा-बारा अंश. स्नेक नदीतल्या प्रत्येक गोट्याने डोक्यावर बर्फाची टोपी घातली आहे. छातीपर्यंत जलरोधक विजार चढवून पाण्यात मासे धरायला उभा असलेला एक गळवाला दर चार-पाच फेकींनंतर काठी आडवी धरतो आणि तिच्या कड्यांत साचलेला बर्फ बोटांनी फोडतो. ओली दोरी कड्यांतून मागे ओढली की तिच्यावरचं पाणी तिथेच गोठतं. थोड्या वेळात कडी पार बुजते आणि दोरी पुढेही जात नाही, मागेही येत नाही. कुणी कड्यांना ओठांचं मलम फासतं, कुणी स्वयंपाकाचं तेल. दोन्ही फार वेळ टिकत नाहीत. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी, तो मासा खाली तळाजवळ जवळजवळ न हलता उभा आहे.

मासा म्हणजे कटथ्रोट, म्हणजे गळाकापू, ट्राउट. नाव मारेकऱ्याला शोभेल असं, पण कारण साधं आहे: खालच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकेक शेंदरी-लाल रेघ, सुरी फिरवल्यासारखी. १३ जून १८०५ रोजी अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुईस आणि क्लार्क या दोघा म्होरक्यांची मोहीम मिसुरी नदीवरच्या ग्रेट फॉल्सपाशी पोचली. तिथे सायलस गुडरिच या सैनिकाने अर्धा डझन ट्राउट पकडले आणि मेरीवेदर लुईसने रोजनिशीत त्या लाल खुणेची नोंद केली. पुढे शास्त्रीय नाव देताना मान गेला क्लार्कला. लुईसच्या वाट्याला या कुळातली एक शाखा आली. स्नेक नदीतल्या कटथ्रोटच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे अगदी बारीक ठिपके असतात.

हा मासा गोठून मरत कसा नाही? माशाच्या रक्तात क्षार असतात, त्यामुळे ते शून्याखाली सुमारे अर्ध्या अंशापर्यंत गोठत नाही. गोडं पाणी शून्याच्या खाली फारसं जातच नाही, त्याआधी त्याचा बर्फ होतो. म्हणजे नदीत राहणाऱ्या माशाला ध्रुवीय समुद्रातल्या माशांसारखी रक्तात खास गोठणरोधक द्रव्यं बाळगावी लागत नाहीत. गारठा त्याला मारत नाही, मंद करतो. मासा शीतरक्ताचा, पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा खर्च ढोबळमानाने निम्म्यावर येतो. पोटातला घास पचायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, त्यामुळे भूक कमी. प्राणवायूचीही ददात नाही, कारण थंड पाण्यात तो जास्त विरघळतो: समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर शून्य अंशाला साडेचौदा.

मग अडचण कुठे आहे? बर्फात. आणि तीही वर दिसणाऱ्या बर्फात नाही.

तळ्याचं पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, ते खाली बसतं आणि वर बर्फाचं झाकण धरतं, हे आपण शाळेत शिकलो. वाहत्या नदीत हे गणित बिघडतं. खळाळामुळे पाणी वर-खाली ढवळलं जातं आणि सगळंच्या सगळं शून्यापर्यंत उतरतं. निरभ्र रात्री, वर झाकण नसताना, ते शून्याच्याही खाली सरकतं, तेही अंशाच्या केवळ काही शतांशांनी. तेवढं पुरतं. पाण्यात बर्फाचे बारीक चपटे कण तयार होतात आणि ज्याला लागतील त्याला चिकटतात: गोट्यांना, फांद्यांना, एकमेकांना. तळातल्या दगडांवर पांढुरका, लिबलिबीत थर चढत जातो. हा तळबर्फ नदीच्या तळातल्या कपारी भरून टाकतो आणि डोहांची तोंडं अडवतो. ऊन चढलं की तो तळापासून सुटतो आणि वर येताना खडे, शेवाळ, किडे असं सगळं बरोबर उचलून आणतो. मासा काल जिथे निवांत होता तिथून आज त्याला उठावं लागतं, आणि हिवाळ्यात उठणं महाग पडतं. म्हणूनच नदी एकदा वरून पूर्ण गोठली की माशाला बरं. ते झाकण गोधडीसारखं काम करतं, खालचं पाणी मग शून्याखाली जात नाही.

मॉन्टानात बिटररूट खोऱ्यातल्या ओढ्यांवर कटथ्रोटना रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा थंडीभर माग काढला गेला. मासे खोल डोहांकडे आणि बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याने बांध घालून अडवलेल्या तळ्यांकडे सरकले. कॅनडात अल्बर्टातल्या राम नदीवरही तळबर्फाने माशांना जागा सोडायला लावल्याचं दिसलं.

इथे बॅकवॉटरचा, म्हणजे मुख्य प्रवाहाच्या बाजूला राहिलेल्या संथ पाण्याचा, प्रश्न येतो. बॅकवॉटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेचा शिवसागर नाहीतर पानशेतचं पसरलेलं पाणी उभं राहतं. स्नेकसारख्या, दर पुरात पात्र बदलणाऱ्या नदीला मात्र जुन्या फाट्यांचे, मागे राहिलेल्या डबक्यांचे, बांधाआडच्या संथ कोपऱ्यांचे असे असंख्य तुकडे असतात. त्यातल्या काहींत जमिनीखालून झरे फुटतात. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे विहिरीतून काढलेलं पाणी कोमट लागतं, तीच गोष्ट. भूजलाचं तापमान त्या भागातल्या वर्षभराच्या सरासरी हवामानाच्या आसपास राहतं, ऋतूबरोबर फार हेलकावत नाही. मुख्य पात्र शून्यावर असताना असा फाटा काही अंश वर असतो, आणि गारठ्याच्या सकाळी त्याच्यावर वाफ धरलेली लांबून दिसते. जाणकार गळवाला आधी वाफ शोधतो, मग मासा. माझ्या मते त्या हंगामात काठीपेक्षा साधा थर्मामीटर जास्त मासे दाखवतो.

आता माशी. साध्या गळाला शिसं लावलेलं असतं आणि त्या वजनाने तो दूर जातो. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजन जवळजवळ नसतंच. जड दोरी हवेत झुलवून फेकायची, आणि तिच्या टोकाच्या बारीक तंगुसाला बांधलेली दोऱ्याची, पिसाची, केसांची नकली माशी तिच्यामागून जाते. उन्हाळ्यात ही माशी नाकतोड्याएवढी चालते. हिवाळ्यात ती तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी असून चालत नाही, कारण नदीत त्या वेळी मुख्यतः चिलटांच्या जातीचे किडे असतात, कायरोनोमिड. त्यांच्यातले काही शून्याखालच्या हवेतही बाहेर पडतात. दुपारी काठावरच्या बर्फाकडे वाकून पाहिलं तर पांढऱ्यावर काळे टिंब चालताना दिसतात, पेन्सिलीच्या टोकाएवढे. त्यांच्याबरोबर कधी छोट्या काळ्या स्टोनफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या एका जातीच्या माश्या, असतात; त्यांच्यातल्या काहींचे पंख इतके आखूड की उडण्याचा प्रश्नच नाही, त्या बर्फावरून चालत जोडीदार शोधतात.

माशाचा जमाखर्च एवढा तंग असल्यावर तो घासासाठी धावत नाही. माशी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून, प्रवाहाच्या वेगाने, गळून पडलेल्या पानासारखी वाहत गेली पाहिजे. दोरीने तिला किंचित ओढलं तरी डाव फसला. त्यात शून्य अंशाचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा पावणेदोन पटींहून जास्त दाट, म्हणजे चिकट. चिमुकली माशी त्यातून हळू बुडते. म्हणून तिच्या डोक्याशी टंगस्टन या जड धातूचा मणी बसवतात. मासा लागल्याचं लक्षणही झटक्याचं नसतं. दोरी जराशी थबकते, तळाच्या दगडाला अडकावी तशी, आणि निम्म्या वेळा ती खरंच दगडाला अडकलेली असते.

पहाटे उठण्याचं इथे काही कारण नाही, ही या छंदातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. अकरा ते तीन हा वेळ खरा. पाणी एखाद्या अंशाने वर चढलं की मासे हलू लागतात. काठाला धरलेल्या बर्फाच्या कडेवर मात्र उभं राहू नये. तिच्याखाली पाणी वाहत असतं. नदीचे काही पट्टे हिवाळ्यात मासेमारीला बंदही असतात, ते आधी पाहावं लागतं.

लागलेला मासा हवेत उचलायचा नाही. कल्ल्यांची पातळ पाती उणे दहाच्या हवेत काही क्षणांत गोठू शकतात. टोकाला उलटा काटा नसलेला गळ पाण्यातच, माशाला हात न लावता सोडवता येतो. लाल रेघ पाहायची ती पाण्यातूनच. आणि बऱ्याचदा रेघ नसतेच, कारण लागलेला असतो माउंटन व्हाइटफिश: लहान तोंडाचा, रुपेरी, थंडीतही कटथ्रोटपेक्षा जास्त उत्साही. गळवाले त्याला नाकं मुरडतात. तोही या नद्यांचा मूळ रहिवासीच आहे, आणि बोटं बधिर झाल्यावर दुपारी अडीच वाजता तोही चालतो.