क्रिंप जोड (संगणकाच्या वीजपुरवठा केबलींतील)

संगणकाच्या वीजपुरवठा संचातून (बाजारात त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात) निघणाऱ्या तारांच्या टोकांवर धातूच्या पिना दाबून बसवण्याची, तसेच जळालेल्या, सैल झालेल्या किंवा चुकीच्या खणात गेलेल्या पिना काढून नव्या घालण्याची पद्धत. या जोडात डाख (सोल्डर) नसतो. पिनेच्या पाकळ्या तारेभोवती आवळल्या जातात आणि तेवढ्या दाबावर वीज वाहते. ‘दाबजोड’ हा मराठी पर्याय अर्थवाही आहे. पण दुकानात तो कोणी ओळखणार नाही, म्हणून या नोंदीत ‘क्रिंप’ हाच शब्द ठेवला आहे.

नाव व उगम : जुन्या हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरला जगभर ‘मोलेक्स’ म्हणतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही हेच नाव चालते. मोलेक्स ही अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात १९३८ मध्ये सुरू झालेली कंपनी. तिचे नाव मुळात साच्यात घालायच्या एका प्लॅस्टिकचे होते, कनेक्टरचे नव्हे. नायलॉनच्या घरात (पिना धरणाऱ्या खणांच्या आवरणात) गोल पिन व सॉकेट ही रचना या कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंवा १९६० च्या दशकाच्या आरंभी आणली, असे सामान्यतः मानतात. यावरून डिस्कचा कनेक्टरही मोलेक्सचाच, असा समज पसरला. तथापि शुगार्ट कंपनीच्या एसए-४०० या सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या (१९७६) तांत्रिक पुस्तिकेत एएमपी या दुसऱ्या कंपनीचे ‘मेट-एन-लॉक’ मालिकेतील १-४८०४२४-० हे घर आणि ६०६१९-१ या पिना सुचवलेल्या आहेत. मोलेक्सची ८९८१ ही मालिका याच मापाला जुळणारी आहे. दोन्ही घरे एकमेकांत बसत असल्याने वापरणाऱ्याला फरक पडला नाही आणि नाव मोलेक्सचे राहिले. ड्राइव्ह बनवणाऱ्यांच्या पुस्तिका हा पुरावा धरला, तर मान एएमपीकडे जातो.

क्रिंपच्या इतिहासातही एएमपीचे स्थान मोठे आहे. ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ या नावाने १९४१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने विमाने व जहाजांसाठी डाखाविना बसवायची टोके बनवली. पुढे ती टायको समूहात गेली. आज तिचा वारसा ‘टीई कनेक्टिव्हिटी’ या नावाखाली चालतो. आपल्याकडे वीजकाम करणाऱ्यांच्या पेटीतले ‘लग’ आणि ‘थिंबल’ हे याच कुळातले.

रचना : इंटेलने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स या मानकाने मदरबोर्डसाठी ४.२ मिमी अंतराच्या पिनांचा, मोलेक्सच्या ‘मिनी-फिट ज्युनियर’ जातीचा २० खणी कनेक्टर आणला. २००३ च्या सुमारास तो २४ खणी झाला. त्याआधीचे पी-८ व पी-९ हे दोन सहा-सहा पिनांचे कनेक्टर शेजारी शेजारी लावताना अदलाबदल होई आणि बोर्ड जळे. ‘काळ्याला काळी तार’, म्हणजे दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मध्ये शेजारी शेजारी याव्यात, हा तेव्हाच्या दुरुस्ती करणाऱ्यांचा पाठ होता. एटीएक्समध्ये काही खण चौकोनी, तर काही कोपरे छाटलेले असल्याने ही चूक टळते. केबलीवरील घर ५५५७ मालिकेचे असून त्यात ५५५६ मालिकेच्या मादी (समोरची पिन आत घेणाऱ्या) पिना बसतात. तार बहुधा १८ गेजची, म्हणजे सुमारे ०.८२ चौ. मिमी छेदाची असते.

५५५६ ही उघड्या नळीची पिन आहे. तिला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात : पुढची जोडी उघड्या तांब्याला, मागची तारेच्या वेष्टनाला धरते. मागची पकड वीज नेत नाही. ओढ व वाकण ती सोसते. दाबल्यावर पुढच्या पाकळ्या आत वळून त्यांचा छेद इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा दिसतो.

जोड का टिकतो : याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार दाबाखाली तांब्यावरील ऑक्साइडचा थर फुटतो, कोरे धातुपृष्ठ एकमेकांना भिडतात आणि थंड अवस्थेतच त्यांचे सांधण होते. दुसऱ्या मतानुसार सांधण गौण असून उरलेला स्थितिस्थापक ताण महत्त्वाचा. हत्यार सुटल्यावर तार व पाकळ्या दोन्ही किंचित मागे येऊ पाहतात. तार अधिक मागे येऊ पाहत असेल, तर पाकळ्या ताणलेल्या राहून तिला आवळून धरतात. चांगल्या क्रिंपचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तारेचे धागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बहुकोनी झालेले असतात, पण त्यांच्या सीमा बहुधा ओळखू येतात. शिवाय जोड उष्णतेने कालांतराने ढिला पडतो. या गोष्टी दुसऱ्या मताला अधिक जुळतात. मात्र दोन्ही क्रिया एकाच जोडात घडू शकतात. नळीच्या आतील बारीक खाचा ऑक्साइड फोडण्यासाठीच असतात. धाग्यांत पोकळी न उरल्याने हवा आत शिरत नाही, म्हणून अशा जोडाला वायुरोधी म्हणतात.

डाख लावून पक्के करण्याची सवय अनेकांना असते. ती येथे घातक ठरते. डाख धाग्यांतून वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ व लवचीक भागांच्या सीमेवर तार मोडते. आधी डाख पाजलेले टोक क्रिंप केले, तर मऊ डाख दाबाखाली हळूहळू सरकतो आणि पकड सुटते.

वाईट जोड तापतो. जोडाचा रोध १० मिलीओहम असेल, तर ४ अँपिअरला ०.१६ वॅट, पण ८ अँपिअरला ०.६४ वॅट उष्णता होते. प्रवाह दुप्पट तर ताप चौपट. तपकिरी पडलेले नायलॉन हे त्याचे पहिले लक्षण होय. अशा वेळी पिनेबरोबर घरही बदलावे लागते, कारण तापलेली खणभिंत पिनेला नीट धरत नाही.

पिन काढणे व घालणे : संच वीजजोडणीपासून पूर्ण सोडवून मगच काम करतात. संचाची पेटी उघडण्याचे कारण नसते. आतील मोठ्या धारित्रांत धोकादायक भार उरू शकतो. ५५५६ पिनेला दोन बाजूंस दोन जिभा असतात, त्या खणातील कंगोऱ्यात अडकतात. तार आधी आत ढकलून जिभांवरचा भार काढतात, मग पुढून दोन पात्यांचे हत्यार दोन्ही बाजूंनी सरकवून जिभा दाबतात आणि तार मागे ओढतात. हत्यार नसेल तर स्टेपलरच्या दोन पिनांवरही काम होते. जोर लावून ओढले, तर जिभा खणात तशाच राहतात आणि घर फुकट जाते. पिन पुन्हा वापरायची असल्यास जिभा बाहेर वाकवाव्या लागतात. हे विसरले, की कनेक्टर लावताना तीच पिन मागे सरकते. जुन्या गोल पिनांसाठी पेनच्या रिफिलसारखी पोकळ नळी लागते.

२४ खणी कनेक्टरच्या १३ क्रमांकाच्या खणात नारिंगी तारेबरोबर एक बारीक तारही एकाच पिनेत दाबलेली आढळते. ती ३.३ व्होल्टची जाणीव-तार असून दूरच्या टोकाचा विद्युतदाब (व्होल्टेज) संचाला कळवते. ती सुटली तर विद्युतदाबाचे नियमन बिघडू शकते. २० क्रमांकाचा खण मात्र रिकामा असणे हा दोष नव्हे. पूर्वी तेथे उणे ५ व्होल्टची पांढरी तार असे.

नव्या पिनेसाठी तार सुमारे ३ मिमी सोलतात. एकही धागा कापला जाऊ नये. रॅचेटचे हत्यार पूर्ण दाबाशिवाय सुटत नाही, म्हणून ते साध्या पक्कडीपेक्षा श्रेयस्कर. कारखान्यात क्रिंपची उंची मायक्रोमीटरने मोजतात व नमुने ओढून पाहतात. घरगुती काम करणारे हाताने ओढून पाहण्यावर भागवतात.

नवे कनेक्टर : २०२२ च्या एटीएक्स ३.० सोबत आलेल्या, ग्राफिक्स कार्डाला वीज देणाऱ्या १२ अधिक ४ पिनांच्या कनेक्टरात अंतर ३ मिमी आहे. ६०० वॅटला १२ व्होल्टच्या सहा पिनांतून प्रत्येकी सुमारे ८.३ अँपिअर वाहतात, तर मर्यादा साडेनऊच्या आसपास असते. जुन्या आठ पिनी ग्राफिक्स कनेक्टरात १५० वॅटला १२ व्होल्टच्या तीन पिनांपैकी प्रत्येकीवर जेमतेम ४.२ अँपिअर येत. २०२२ च्या अखेरीस हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. पूर्ण न बसलेला कनेक्टर हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. २०२३ मधील सुधारित आवृत्तीत जाणीव-पिना (वरच्या चार लहान पिना) आखूड केल्या आहेत, म्हणजे कनेक्टर पूर्ण बसल्याशिवाय त्या जुळत नाहीत. अशा केबलीवर हाताने क्रिंप करणे टाळावे हेच बरे.

सुट्या केबलींच्या (मॉड्युलर) संचांत मदरबोर्डकडील टोक प्रमाणित असते, पण संचाकडील टोकाची पिनरचना प्रमाणित नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ती वेगळी असू शकते. घर बसले, म्हणून तारा जुळल्या असे होत नाही. १२ व्होल्ट ५ व्होल्टच्या जागी गेल्याने डिस्क जळतात. म्हणून पिना हलवण्यापूर्वी प्रत्येक खण मल्टिमीटरने तपासून कागदावर उतरवतात. तारांचे रंग पुरेसे नसतात, कारण बऱ्याच सुट्या केबलींत साऱ्याच तारा काळ्या असतात.