चिमटा सुटल्यावरची धग

मोठ्या आतड्याचा रोगट तुकडा काढायचा, तर आधी त्याला धरून ठेवणारा चरबीचा पडदा सोडवावा लागतो. आतड्याच्या रक्तवाहिन्या याच पडद्यातून येतात. पूर्वी एकेक वाहिनी चिमट्यात धरून दोऱ्याने बांधत आणि मग कापत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लांब दांड्यांनी अशा गाठी मारत बसणं फारच जिकिरीचं. मग हे काम उष्णतेकडे गेलं.

यातली सगळ्यात जुनी कॉटरी, म्हणजे विजेच्या उष्णतेने कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण. बॉस्टनमध्ये १ ऑक्टोबर १९२६ रोजी मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांनी बनवलेलं असं यंत्र वापरून डोक्यावरची एक गाठ काढली. तीच शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे तीन दिवस आधी अर्धवट सोडावी लागली होती. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, कॉटरीची काही लाख हर्ट्झची. इतक्या वेगाला स्नायू दाद देत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. मात्र जाड वाहिनी बंद करणं तिच्या आवाक्याबाहेरचं.

लिगाशुअर या चिमट्यासारख्या यंत्रात वीज जबड्याच्या दोन पात्यांमध्येच खेळते. दाबलेल्या वाहिनीच्या भिंतीतली प्रथिनं वितळून एकजीव होतात. यंत्र विजेला होणारा अडथळा मोजत राहतं आणि काम झालं की आवाज देऊन थांबतं. मग आतली सुरी फिरते. ७ मिलिमीटरपर्यंतची वाहिनी अशी बंद होते.

हार्मोनिक या तिसऱ्या यंत्रात शरीरातून वीज जातच नाही. पातं सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरतं, घर्षणाने तापतं, एकाच वेळी कापतं आणि बंदही करतं. हात सफाईने चालतो, म्हणून ते अनेकांना आवडतं. पण गॅस बंद केला तरी तवा तापलेला असतो, तसंच या पात्याचं. कापून झाल्यावर त्याच टोकाने आतडं बाजूला सारलं, तर तिथे जेमतेम एक पांढुरका डाग दिसतो. भोक पडतं काही दिवसांनी, पेशंट वॉर्डात असताना. किती मिलिमीटरची वाहिनी बंद होते, यावरच यंत्रांची तुलना होताना दिसते. मला या उरलेल्या धगीचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो.

आतडं उघडताना तर आणखी एक भानगड. आतल्या जंतूंनी तयार केलेले हायड्रोजन आणि मिथेन पेट घेऊ शकतात. कॉटरीच्या ठिणगीने स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे गॅसने फुगलेलं आतडं उघडायची वेळ आली, की सर्जन ही महागडी यंत्रं बाजूला ठेवून साधी कात्री मागतात.