दातांच्या तारा आणि नऊ महिने

वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या उपचाराला साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात. मुंबईत हा उपचार आता शाळकरी मुलांपुरता राहिलेला नाही. नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पगारातून पंचविशी-तिशीत तारा लावून घेणाऱ्या तरुणी डोंबिवली-ठाण्याच्या लोकलमध्ये सहज दिसतात. लग्न आणि पहिले मूल याच वयात होत असल्यामुळे तोंडात तारा असताना दिवस राहणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. तरीही बातमी कळली, की घरातून विचारणा सुरू होते: आता त्या तारा काढून टाकायच्या का? या प्रश्नामागे एक जुनी भीती आहे. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, त्यामुळे दात ढिले होतात, मग अशा दातांवर आणखी ताण कशाला द्यायचा, असा तो विचार असतो. गर्भारपणात दात किंचित हलू लागतात आणि हिरड्यांतून रक्त येते, हे घरातल्या थोरल्या बायकांचे निरीक्षण खरे आहे. चुकते ते त्याचे कारण.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्याच्यात झोळीसारखा तोललेला असतो. तारेने दातावर एका-दोन लिंबांच्या वजनाएवढा, पण न थांबणारा जोर दिला, की एका बाजूचा पडदा दबतो आणि दुसऱ्या बाजूचा ताणला जातो. दबलेल्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, ताणलेल्या बाजूला नवे हाड रचणाऱ्या पेशी, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने सरकतो. या सगळ्या उलाढालीत दात स्वतः सहसा फारसा विरघळत नाही, कारण मुळावरचे आवरण हाडापेक्षा अधिक चिवट असते. दातावरच्या एनॅमलमध्ये तर रक्तवाहिन्याही नसतात आणि जिवंत पेशीही नसतात, त्यामुळे तिथून कॅल्शियम काढून रक्तात नेण्याची वाटच शरीराकडे नाही.

मग बाळाला कॅल्शियम मिळते कुठून? जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत साठते. आईच्या सांगाड्यात ते जवळपास एक किलो असते. शिवाय गर्भारपणात आईचे आतडे अन्नातले कॅल्शियम जवळजवळ दुप्पट प्रमाणात शोषून घेऊ लागते. आहारात फारच कमतरता असेल तर हाडांमधून उसनवारी होते; दातांवर तेव्हाही हात पडत नाही. सरकारी दवाखान्यात चौदाव्या आठवड्यानंतर रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी सांगितली जाते, ती गर्भारपणातल्या उच्च रक्तदाबाचा धोका कमी करण्यासाठी आणि आई-बाळ या दोघांच्या हाडांसाठी. ती लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर लोह नीट शोषले जात नाही.

दात थोडे हलतात ते मात्र खरे, आणि त्याचे कारण संप्रेरकांमध्ये आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी वाढली, की दाताभोवतीच्या तंतूंवर आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. कटीचे सांधे सैल करणारे रिलॅक्सिन हे संप्रेरक १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ यांनी गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवून दिले. तेच दातांचेही बंध सैल करत असेल, असा तर्क पुढे लढवला गेला. अमेरिकेत अलायनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, वापरणाऱ्या रुग्णांच्या हिरड्यांत रिलॅक्सिनची इंजेक्शने देऊन पाहिली, तेव्हा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दात सरकण्याच्या वेगात काही फरक आढळला नाही. गर्भारपणातला दातांचा हा सैलपणा सहसा सौम्य असतो आणि बाळंतपणानंतर आपोआप कमी होतो. म्हणून तारा घाईघाईने काढण्याचे कारण हाडात किंवा दातात सापडत नाही.

खरी काळजी हिरड्यांची आहे, आणि माझ्या मते सल्ला देताना नेमका याच गोष्टीला सर्वांत कमी वेळ दिला जातो. गर्भवती स्त्रियांपैकी ६० ते ७५ टक्के जणींच्या हिरड्या सुजतात. प्रोजेस्टेरॉनमुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, आणि दातांवरच्या चिकट थरातले काही जंतू याच संप्रेरकांवर पोसून वाढतात. एरवी ज्या थराने हिरडी जेमतेम लाल झाली असती, त्याच थराने आता ती फुगते आणि ब्रश लागताच रक्त येते. तारा असलेल्या तोंडात हा थर साचायला जागाच जागा असते: प्रत्येक दातावर तार अडकवण्यासाठी चिकटवलेला छोटा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, त्याभोवती रबराचे कडे, वरून तार. सूज वाढली, की हिरडी ब्रॅकेटवर चढते, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि सूज आणखी वाढते. कधी दोन दातांच्या मधून लालभडक, मऊ गाठ उगवते. तिला गर्भारपणातली गाठ म्हणत असले, तरी तो कर्करोग नव्हे, आणि बहुतेकदा ती बाळंतपणानंतर आपोआप ओसरते. रक्त येते म्हणून ब्रश करणे थांबवणे ही या काळातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत, तारेखालून फिरवण्याचा छोटा ब्रश रोज वापरावा आणि दंतवैद्याकडे जाऊन दात साफ करून घ्यावेत.

गर्भारपणात असे दात साफ करून घेतल्याने बाळाला अपाय होईल, अशीही भीती असते, तिचे उत्तर २००६ साली मिळाले. अमेरिकेत हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गर्भवतींचे दोन गट करून एका गटावर २१व्या आठवड्यापूर्वी खोलवर सफाईचा उपचार केला गेला, तर दुसऱ्यावर बाळंतपणानंतर. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. हिरड्या सुधारल्याने अकाली प्रसूती टळेल ही आशा त्यामुळे मावळली. पण गर्भारपणात केलेला उपचार बाळाला बाधत नाही, हे त्याच आकड्यांतून दिसले.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांचा त्रास असतो. पोटातले आम्ल दातांवर आले, की एनॅमलचा पृष्ठभाग काही काळ मऊ पडतो, आणि लगेच घासल्यास तो झिजतो. उलटी झाल्यावर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करावा. कैरी, चिंच, आवळा यांचे डोहाळे पुरवायला हरकत नाही, मात्र ते दिवसभर चघळत राहू नयेत. ब्रॅकेटच्या कडेने पांढरे डाग पडतात ते अशा वारंवार होणाऱ्या आम्लाच्या माऱ्याने आणि साचलेल्या थराने, आणि तार निघाल्यावर ते उघडे पडतात.

एक्स-रेच्या खोलीबाहेर गर्भवती असल्यास सांगण्याची सूचना लावलेली असते, ती पाळावीच. तरी आकडे माहीत असावेत. संपूर्ण जबड्याच्या एका ओपीजी एक्स-रेतून आईच्या शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग निसर्गातून काही दिवसांत आपोआप मिळतो तेवढाच असतो. किरणांचा रोख पोटाकडे नसल्याने गर्भापर्यंत पोहोचणारा अंश त्याहूनही नगण्य असतो. गर्भाला अपाय ५० मिलिग्रे (मिलिग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) याच्या खाली दिसून आलेला नाही, आणि दातांच्या तपासण्या त्याच्या जवळपासही जात नाहीत. दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी ओपीजी काढला गेला असेल, तर त्या विचाराने रात्री जागवू नयेत. तरीही तारांच्या उपचारातले एक्स-रे तातडीचे नसतात. ते सहज पुढे ढकलता येतात आणि ढकलावेत.

तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गरजेपुरते पॅरासिटामॉल घ्यावे. आयबुप्रोफेन विसाव्या आठवड्यानंतर टाळण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला आहे, आणि तसेही ते दात सरकण्याची प्रक्रिया मंदावू शकते. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके या काळात घेऊ नयेत. बाळाच्या दुधाच्या दातांच्या कळ्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात, चौथ्या महिन्यापासून त्यांत खनिजे भरू लागतात, आणि हे औषध तिथे कायमचा डाग सोडते. उत्तरार्धात दंतवैद्याच्या खुर्चीत पाठीवर सपाट पडून राहिल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन भोवळ येऊ शकते. उजव्या कमरेखाली उशी घेऊन डावीकडे किंचित कलून बसावे.

तारा आधीपासून असतील तर उपचार चालू ठेवावा, असेच मी सांगेन. नव्याने सुरू करायचा असेल, तर दात काढणे, हाडात बारीक स्क्रू बसवणे किंवा जबड्याची शस्त्रक्रिया अशा पायऱ्या बाळंतपणानंतर ठेवाव्यात. अडचण वेळापत्रकाची अधिक असते. तार चार ते सहा आठवड्यांनी बघावी लागते, आणि आपल्याकडे मुलगी सातव्या महिन्यात साताऱ्याला किंवा रत्नागिरीला माहेरी जाते ती बाळ तीन महिन्यांचे झाल्यावरच परत येते. जोर देणारी तार इतके महिने कोणी न बघता तोंडात राहिली, तर दात नको तिकडे सरकू शकतात. म्हणून माहेरी जाण्याची तारीख दंतवैद्याला आधी कळवावी. तो जोर न देणारी, दात आहे तिथेच धरून ठेवणारी तार बसवून देतो. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय इथे तारांचा आणि हिरड्यांचा विभाग एकाच आवारात असल्यामुळे दोन्ही तपासण्या एका फेरीत उरकण्याची सोय होऊ शकते.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळताना घरच्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे, की नीट न फुललेला डिंक आणि खारकेचा कडक तुकडा ब्रॅकेट उखडतो. डिंक चांगला फुलवून, खारीक बारीक कुटून केलेला लाडू तिला फोडून, लहान घास करून द्यावा, आणि खाल्ल्यावर तिला निवांत ब्रश करता यावा म्हणून पाच मिनिटे बाळाला कोणीतरी घ्यावे.