मनाच्या गोळ्या, पित्ताची गोळी आणि हृदयाचे ठोके

मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांसाठी

चिठ्ठीवर एस्सिटालोप्रॅम, म्हणजे उदासी-चिंतेवरची गोळी, असते. ती काढून देतो तेवढ्यात समोरून येतं, "आणि पित्ताची एक स्ट्रिप द्या, सकाळी उपाशीपोटीची." ती चिठ्ठीवर नसते. कधीतरी कुणीतरी दिलेली, मग सवयीची झालेली. तेव्हा आम्ही दोन प्रश्न विचारतो, त्याचा राग मानू नका.

त्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा पित्त कमी करणारं पॅन्टोप्रॅझोल आणि मळमळ थांबवणारं डॉमपेरिडोन अशी दोन औषधं असतात. सिटालोप्रॅम, एस्सिटालोप्रॅम, हॅलोपेरिडॉल या मनाच्या गोळ्यांनी प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागू शकतो. ईसीजीत हा वेळ, म्हणजे ‘क्यूटी’, लांबलेला दिसतो; फार लांबला तर ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. डॉमपेरिडोनही तेच करतं. पॅन्टोप्रॅझोल वर्षानुवर्षं चाललं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, आणि ते उतरलं की पोटॅशियमही टिकत नाही. ठोक्यांचा ताल सांभाळण्यात या दोघांचा मोठा वाटा. त्यात दोन दिवस जुलाब किंवा बीपीसाठी लघवीची गोळी, म्हणजे भर पडलीच. बहुतेकांना काहीच होत नाही, हेही खरं. पण साठीपुढच्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना ईसीजीबद्दल जरूर विचारावं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2011 मध्ये सिटालोप्रॅमची मर्यादा दिवसाला 40 मिलिग्रॅम ठरवली, ती याच कारणाने.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारी गोळी) घेणाऱ्यांनी लघवीची गोळी किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. रक्तातलं लिथियम चढतं. निर्जळी उपवासही नको.

क्लोझापिनचं, म्हणजे स्किझोफ्रेनियावरच्या गोळीचं, वेगळं. सुरुवातीच्या महिन्या-दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं, धाप, बसल्या जागी धडधड यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते.

सेलेनियम या शरीराला अगदी थोडं लागणाऱ्या खनिजाबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. चीनमधल्या केशान भागात जमिनीतच ते कमी, त्यामुळे तिथे हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा आजार होता. क्लोझापिन घेणाऱ्या काहींच्या रक्तातही ते कमी आढळलंय. म्हणून गोळी घेतली की हृदय वाचतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. सेलेनियमच्या गोळ्या आम्हीही विकतो, तरी सांगतो: तपासणीशिवाय घेऊ नका. जास्त झालं तर केस गळतात, नखं तुटतात.

हे वाचून मनाची गोळी परस्पर बंद करू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, चूर्णं, टॉनिकं एका पिशवीत घालून दुकानात आणा, आम्ही यादी करून देऊ. ती डॉक्टरांना दाखवा. एकदम भोवळ आली, शुद्ध हरपली तर मात्र दुकानात नको, थेट दवाखान्यात.