सगळे सुपरनोव्हा एकाच तेजाचे? नाही!

‘टाइप वन-ए सुपरनोव्हा सगळे एकाच तेजाचे असतात, म्हणून त्यांच्यावरून अंतर कळतं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. (टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेत बटू या मृत ताऱ्याचा स्फोट.) ते खरं नाही. हळू मावळणारा स्फोट जास्त तेजस्वी असतो, झटपट मावळणारा मंद. हा संबंध मार्क फिलिप्स यांनी 1993 मध्ये ठळकपणे दाखवला. मावळण्याच्या वेगावरून तेजात अशा दुरुस्त्या केल्या, तेव्हाच 1998 मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे कळलं.

खरी मेख आहे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळी मोजमापं एकाच मापात बसवण्यात. दूरच्या सुपरनोव्हाचा निळा प्रकाश ताम्रसृतीमुळे (प्रसरणात प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते त्यामुळे) लाल फिल्टरमध्ये येतो, जवळच्याचा निळ्यातच राहतो. म्हणजे तुलना दोन वेगळ्या फिल्टरांची, बहुतेकदा दोन वेगळ्या दुर्बिणींचीही. त्यांच्या मेळात तेज एक टक्क्याने चुकलं, तर अंतर अर्ध्या टक्क्याने चुकतं. सगळ्याच सुपरनोव्हांचं तेज सारख्याच प्रमाणात चुकलं तर प्रसरणाला वेग देणाऱ्या कृष्ण ऊर्जेच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. जवळचे आणि दूरचे यांच्यातली तफावत मात्र घात करते.

2025 मध्ये दीर्घिकांचा नकाशा बनवणाऱ्या डेसी प्रकल्पाची मोजमापं आणि वैश्विक पार्श्वप्रारण (महास्फोटानंतर उरलेलं प्रारण) यांना पँथिऑन प्लस हा सुपरनोव्हा-संच जोडला, तेव्हा बदलत्या कृष्ण ऊर्जेचा कौल 2.8 सिग्मा आला (सिग्मा जितका जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). युनियन 3 जोडल्यावर 3.8, डार्क एनर्जी सर्व्हेचा संच जोडल्यावर 4.2. एवढा फरक पडत असताना ‘आइन्स्टाइनचा स्थिरांक (म्हणजे कधीच न बदलणारी कृष्ण ऊर्जा) मोडीत’ असं छातीठोक सांगणं घाईचं आहे. आणि सगळं खापर कॅलिब्रेशनवर फोडणंही चूकच: सुपरनोव्हा पूर्ण वगळले तरी कौल 3.1 सिग्मा उरतोच.