पदवीनंतर अमेरिकेत नोकरीची परवानगी: ओपीटी आणि स्टेम मुदतवाढीचा अर्ज नेमका कुठे अडतो

सोलापुरातून एमएससाठी अमेरिकेला गेलेल्या मुलामुलींचे पालक सध्या एकच प्रश्न विचारतात: शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी करू देणारी ओपीटीची सवलत बंद होणार का? प्रश्न रास्त आहे, कारण बहुतेकांनी शैक्षणिक कर्जाचे हप्ते याच सवलतीच्या भरवशावर मांडलेले असतात. तरीही आजवर जे नकार पाहण्यात आले, त्यांतला एकही वॉशिंग्टनमधल्या वादामुळे आलेला नव्हता. कुणी तारीख चुकीची मोजली होती, कुणी पत्ता बदलल्याचे कळवले नव्हते, कुणाच्या कंपनीने एक कागद वेळेत सही करून दिला नव्हता. म्हणून वाद थोडक्यात सांगून अर्जाकडे वळणे बरे.

ओपीटी ही अमेरिकी संसदेने कायदा करून दिलेली सवलत नाही. ती १९९२ च्या प्रशासकीय नियमावर उभी आहे आणि वादाचे मूळ तिथेच आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना मिळून स्टेम म्हणतात. या शाखांच्या पदवीधरांना २००८ मध्ये नेहमीच्या बारा महिन्यांवर आणखी सतरा महिने मिळू लागले, त्यावर तंत्रज्ञान क्षेत्रातील अमेरिकी कामगारांच्या संघटनेने दावा लावला, आणि लोकांची मते न मागवता नियम केल्याच्या कारणावरून न्यायालयाने तो २०१५ मध्ये रद्द ठरवला. पुढे रीतसर मते मागवून केलेला चोवीस महिन्यांचा नियम १० मे २०१६ पासून लागू झाला. त्यालाही आव्हान मिळाले. २०२२ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेण्यास नकार दिला. विरोधकांचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील मुलाच्या पगारातून साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरचा कर कापला जात नाही, त्यामुळे मालकाचाही पगाराच्या ७.६५ टक्के वाटा वाचतो आणि स्थानिक पदवीधर तेवढ्याने महाग ठरतो. ही तफावत विद्यार्थ्याने निर्माण केलेली नाही, पण तिचा राग त्याच्यावर निघतो. २०२५ मध्ये, हे अर्ज तपासणाऱ्या यूएससीआयएस खात्याच्या संचालकपदासाठी सिनेट समितीसमोर आलेले जोसेफ एडलो यांनी शिक्षणानंतरच्या नोकरीची परवानगी काढून घ्यावी असेच मत मांडले होते. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले ९७,५५६ ओपीटीवर होते, एवढ्यावरून हा वाद आपल्या घरांपर्यंत का पोहोचतो ते लक्षात येईल. मात्र नियम बदलत नाही तोवर आजचाच नियम लागू आहे आणि अर्ज त्यानेच तपासला जातो.

पात्रता सोपी आहे. एफ-१ दर्जा वैध हवा, एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले हवे, नोकरी आपल्या विषयाशी थेट संबंधित हवी, आणि पहिल्या ओपीटीचा अर्ज करताना विद्यार्थी अमेरिकेतच असावा लागतो. पदवी हाती पडताच सोलापूरला येऊन इथून निवांत अर्ज भरू, असे ठरवणाऱ्यांनी हे शेवटचे कलम पुन्हा वाचावे. शिकत असतानाच सीपीटीवर, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या काम-परवानगीवर, पूर्णवेळ बारा महिने किंवा त्याहून अधिक काम केलेले असेल तर त्या पदवीपातळीवर ओपीटी मिळत नाही. पहिल्या दिवसापासून सीपीटी देऊ करणाऱ्या महाविद्यालयांच्या जाहिराती ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगत नाहीत.

आता तारखा. क्रम असा आहे की आधी विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे विद्यार्थी-व्हिसाचे काम पाहणारा नियुक्त अधिकारी, सेव्हिस या विद्यार्थी-व्हिसाच्या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवतो आणि ओपीटीचा उल्लेख असलेला नवा आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी-दर्जाचे प्रमाणपत्र, देतो. त्यानंतरच आय-७६५ हा अर्ज यूएससीआयएसकडे करायचा. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत हा अर्ज करता येतो, आणि इथपर्यंत बहुतेकांना पाठ असते. सुटते ती दुसरी मुदत: डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज खात्याकडे पोहोचला पाहिजे. दोन्ही मुदतींपैकी जी आधी संपेल ती खरी. समजा अभ्यासक्रम १५ मे २०२६ रोजी संपतो. खिडकी १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. पण डीएसओने १ जूनला शिफारस केली असेल तर त्या विद्यार्थ्यासाठी १ जुलै हीच शेवटची तारीख आहे. १४ जुलैच्या भरवशावर ८ जुलैला अर्ज करणाऱ्याला नकार येतो, आणि तो नकार नियमाप्रमाणे योग्य असतो. अशा वेळी खिडकी उघडी असतानाच चूक लक्षात आली, तर डीएसओकडून नवी शिफारस घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. खिडकी बंद झाल्यावर उपाय उरत नाही. टपालाने पाठवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की मोजली जाते ती अर्ज पोहोचल्याची तारीख, पाकिटावरचा शिक्का नव्हे.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्याचा तोटा आणखी एक आहे. ही ओपीटी अभ्यासक्रम संपल्यापासून चौदा महिन्यांत पूर्ण व्हावी लागते, त्यामुळे उशिरा केलेला अर्ज उशिरा मंजूर झाला तर बारा महिन्यांतले काही आठवडे कुणीही न कापता आपोआप गळून पडतात.

अर्जासोबत लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: नवा आय-२०, पासपोर्ट, आय-९४ ही अमेरिकेतील प्रवेशाची नोंद, दोन इंच बाय दोन इंचाचा फोटो, पूर्वी काम-परवान्याचे कार्ड मिळालेले असल्यास त्याची प्रत, आणि शुल्क. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाला ४७० डॉलर व कागदी अर्जाला ५२० डॉलर असे शुल्क ठरले. भरण्याच्या दिवशी खात्याच्या संकेतस्थळावर आकडा पुन्हा पाहावा, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज तपासलाही न जाता परत येतो आणि तोवर ते ३० दिवस सरलेले असतात. प्रवर्ग निवडताना पदवीनंतरच्या ओपीटीसाठी सी-३-बी आणि स्टेम मुदतवाढीसाठी सी-३-सी. यांची अदलाबदल करणारे दरवर्षी निघतात.

आपल्याकडच्या मुलांचा खास अडथळा म्हणजे नाव. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. आय-७६५ मध्ये मधल्या नावाचा स्वतंत्र रकाना दिसला की विद्यार्थी वडिलांचे नाव तिथे टाकतो, आय-२० वर मात्र ती दोन्ही नावे एकत्र असतात, आणि मग कार्डावर एक नाव, कंपनीच्या नोंदीत दुसरे, सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात तिसरे अशी स्थिती होते. आपल्या शहरातल्या काही तेलुगू भाषक कुटुंबांत पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा राहिलेला असतो. अशांच्या व्हिसावर नावाच्या जागी एफएनयू (नाव अज्ञात) ही अक्षरे येतात. पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ समोर ठेवून, तिन्हींवर जसे आहे तसेच अर्जात लिहावे. पासपोर्टमधली दुरुस्ती शक्यतो जाण्यापूर्वी, इथेच करून घ्यावी.

मंजुरीनंतरचे ईएडी, म्हणजे काम-परवान्याचे, कार्ड टपालाने येते, आणि नेमके मे-जूनमध्ये सगळ्या मुलांचे भाड्याचे घर बदलत असते. अमेरिकी टपाल खाते हे कार्ड नव्या पत्त्यावर वळवत नाही. ते यूएससीआयएसकडे परत जाते. त्यामुळे निदान वर्षभर तिथेच राहणाऱ्या नातेवाईकाचा किंवा मित्राचा पत्ता, त्याच्या नावाच्या उल्लेखासह द्यावा, आणि आपला पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावा.

कार्डावरच्या आरंभतारखेपासून बेरोजगारीचे दिवस मोजले जातात. पहिल्या ओपीटीत एकूण ९० दिवस, शनिवार-रविवार धरून, आणि कार्ड टपालात अडकले असले तरी मोजणी थांबत नाही. १४ जुलै २०२६ ला आरंभ धरला आणि नोकरी नसली तर दसरा उजाडण्यापूर्वीच हे दिवस संपतात. या टप्प्यात आठवड्याला किमान वीस तासांचे विषयाशी संबंधित विनावेतन किंवा स्वयंसेवी कामही, कामगार कायद्यात बसत असेल तर, रोजगार म्हणून धरले जाते, ही सोय पुष्कळांना माहीत नसते. माहीत असतो तो भलताच मार्ग: पैसे घेऊन कागदोपत्री नोकरी दाखवणाऱ्या कन्सल्टन्सीचा. ९० दिवस भरत आलेल्या मुलाची घालमेल समजते, घरून रोज येणारे फोनही समजतात, तरीही हा रस्ता धरू नये. सेव्हिसमध्ये त्या कंपनीचे नाव कायमचे राहते आणि काही वर्षांनी एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी तेच नाव पुढे येते. त्यापेक्षा मुदत भरण्याआधी दुसऱ्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे किंवा परत येणे यात पुढची दारे उघडी राहतात.

स्टेम मुदतवाढीत सर्वांत जास्त नुकसान एका गैरसमजाने होते. पहिल्या ओपीटीच्या अर्जाला अभ्यासक्रम संपल्यानंतर ६० दिवस मिळतात, म्हणून इथेही कार्ड संपल्यावर ६० दिवस मिळतील असे मुले धरून चालतात. तसे मिळत नाहीत. ओपीटी संपल्यानंतरचे ६० दिवस सामान आवरण्यासाठी, किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाची वा दर्जाची सोय करण्यासाठी आहेत. स्टेमच्या अर्जासाठी नाहीत. कार्ड १३ जुलै २०२७ ला संपत असेल तर अर्ज १४ एप्रिलपासून करता येतो आणि १३ जुलैच्या आत, तसेच डीएसओच्या शिफारशीपासून ६० दिवसांच्या आत, तो पोहोचलाच पाहिजे. वेळेत अर्ज केला आणि निर्णय लांबला, तर जुन्या कार्डावर १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते, म्हणजे उशीर खात्याने केला तर तो माफ आहे, विद्यार्थ्याने केला तर नाही.

पदवी स्टेममध्ये मोडते की नाही हे तिच्या नावावरून ठरत नाही. आय-२० वर छापलेल्या सीआयपी, म्हणजे अभ्यासशाखेच्या, क्रमांकावरून ठरते. ११.०७०१ हा संगणकशास्त्राचा, १४.१९०१ यंत्र अभियांत्रिकीचा, १४.२८०१ वस्त्र अभियांत्रिकीचा क्रमांक, आणि तिन्ही यादीत आहेत. आपल्या गिरण्या-मागांच्या शहरातून टेक्स्टाइल शिकायला जाणाऱ्यांनी शेवटचा लक्षात ठेवावा. व्यवस्थापन व अर्थशास्त्राकडे जाणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वीच चौकशी करावी, कारण ४५.०६०३ हा अर्थमितीचा क्रमांक स्टेम आहे आणि ४५.०६०१ हा साध्या अर्थशास्त्राचा नाही. दोन्ही विभागांच्या वर्गात शिकवले जाणारे पुष्कळसे सारखेच असते. प्रवेशानंतर क्रमांक बदलून घेणे विद्यार्थ्याच्या हातात नसते.

कुणाकडेच तयार नसलेला कागद म्हणजे आय-९८३, प्रशिक्षणाचा आराखडा. विद्यार्थी काय शिकणार, देखरेख कोण करणार, मूल्यमापन कसे होणार, वेतन किती, हे सर्व त्यात मालकाने लिहून सही करायची असते. मोठ्या कंपन्यांत हे काम मनुष्यबळ विभागाच्या अंगवळणी पडलेले असते. लहान कंपनीतल्या व्यवस्थापकाने तो फॉर्म अनेकदा पाहिलेलाही नसतो आणि सही करण्याआधी तो वकिलाला दाखवतो, त्यात आठवडे जातात. म्हणून कार्ड संपण्याच्या चार महिने आधी फॉर्म त्याच्या टेबलावर असावा, आणि आपल्या वाट्याचा मजकूर आपणच कच्चा लिहून द्यावा. हा कागद खात्याकडे पाठवायचा नसतो, डीएसओकडे द्यायचा असतो. मालक ई-व्हेरिफाय या कर्मचाऱ्यांची काम-परवानगी पडताळणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेला असणे बंधनकारक आहे आणि आय-७६५ मध्ये त्याचा ई-व्हेरिफाय कंपनी क्रमांक मागतात. तिथे अनेकजण नऊ आकडी करक्रमांक भरतात, तो वेगळा. कंपनीचे नावही ई-व्हेरिफायमध्ये जसे नोंदले आहे तसेच लिहावे. नोकरी सवेतन आणि आठवड्याला किमान वीस तासांची हवी. विनावेतन कामाची सोय इथे संपते आणि बेरोजगारीचे आणखी ६० दिवस मिळून एकूण १५० होतात. दर सहा महिन्यांनी डीएसओकडे माहिती पक्की करणे, बारा महिने होताच आणि शेवटी स्वमूल्यमापन देणे, नोकरी बदलल्यास दहा दिवसांत कळवून नवा आय-९८३ देणे, हे पुढचे काम आहे, आणि मंजुरी मिळाल्यावर ढिलाई होते ती इथेच.

पालकांसाठी प्रवासाबद्दल थोडे. अर्ज प्रलंबित असताना, किंवा कार्ड आले पण नोकरी नाही अशा वेळी, मुलांना गड्ड्याच्या यात्रेला किंवा घरच्या लग्नाला बोलावण्याचा आग्रह धरू नये. ओपीटीवर असताना परतण्यासाठी ईएडी कार्ड, नोकरीचे पत्र, सहा महिन्यांच्या आतली डीएसओची प्रवास-सही आणि वैध व्हिसा इतके सगळे लागते, आणि व्हिसा संपलेला असेल तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळवण्यापासून सुरुवात होते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट जवळपास बंद झाली आहे.

एच-१बी च्या टप्प्यावर तर देश सोडणे अधिकच महागात पडू शकते. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लादली, पण पुढच्या महिन्यात खात्याने स्पष्ट केले की अमेरिकेत राहूनच एफ-१ मधून एच-१बी मध्ये दर्जा बदलणाऱ्यांना ती लागू नाही. दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित असताना विद्यार्थी देशाबाहेर गेला की तो दर्जाबदल सोडून दिल्याचे मानले जाते आणि ही सूटही जाते. वेळेत अर्ज झालेला असेल तर ओपीटी संपून एच-१बी सुरू होईपर्यंतचा काळ जानेवारी २०२५ च्या नियमानुसार १ एप्रिलपर्यंत भरून निघतो. त्या काळात काम करता येते, पण कंपनीला दाखवण्यासाठी डीएसओकडून तसा नोंद केलेला नवा आय-२० आपणहून मागून घ्यावा लागतो.